पट्टा तिरका का जातो?

हुबळीस येऊन दुर्गदबैल न पाहता परत गेलेला मनुष्य विरळाच. कानडीत 'बयलु' म्हणजे उघडी जागा, मैदान; दुर्गाच्या म्हणजे किल्ल्याच्या पुढचे मैदान ते दुर्गदबैल. नवख्या मराठी पाहुण्यास येथे बैलांचा बाजार भरत असावा असे वाटते, आणि आमच्याकडील मंडळी त्याला काही वेळ तसे वाटूही देतात. आज तेथे मैदान म्हणावे असे काही उरलेले नाही. कापडाची व बांगड्यांची दुकाने, माणसांची दाटी आणि दिवस कलला म्हणजे लागणाऱ्या खाण्याच्या गाड्या, हेच त्याचे रूप. परंतु ह्या गर्दीत क्षणभर मान वर करून पाहिले तर आणखी एका धंद्याची खूण दिसते. ती म्हणजे दुकानांवरील पाट्या.

ह्या पाट्या एके काळी पेंटर लोक कुंचल्याने रंगवीत. खडू लावलेला दोरा ताणून सरळ रेघ उठवायची, तिच्या आधाराने अक्षरे बेतायची आणि मग रंग भरायचा, अशी ती रीत. पुढे त्या कामाचा मोठा भाग चिकट प्लॅस्टिकच्या कापीव अक्षरांकडे गेला. बाजारात ह्या प्लॅस्टिकला सर्रास 'रेडियम' म्हणतात. वास्तविक रेडियम हे क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले किरणोत्सारी द्रव्य. घड्याळाचे काटे व आकडे अंधारात चमकावेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा रंग लावीत, आणि तो रंग भरणाऱ्या अमेरिकेतील कितीतरी कामगार मुली त्यापायी दुर्धर रोगाने दगावल्या. आपल्या दुकानातील गुंडाळीत त्या द्रव्याचा अंशही नसतो. गाडीच्या दिव्याने चमकणाऱ्या पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. साध्या रंगीत पट्टीत तेही नसतात, ते नुसते पीव्हीसी म्हणजे व्हिनाइल होय. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच, आणि आम्हीही ह्या लेखात तेच वापरणार आहोत.

हा धंदा लहान माणसाचा आहे. एक संगणक, एक प्लॉटर, कोपऱ्यात उभ्या केलेल्या दहा-पंधरा गुंडाळ्या आणि दोन माणसे बसतील एवढी जागा, इतक्यावर एक घर चालते. यंत्र बहुधा कर्ज काढून घेतलेले असते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना अतिसुरक्षित नंबरप्लेट बनवणाऱ्या कंपनीकडूनच मिळू लागली, तेव्हा नंबरप्लेटच्या रोजच्या कामाला ओहोटी लागली. उलटपक्षी १ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या शहराचे सरकारी नाव 'हुब्बळ्ळी' झाले, आणि २०२४ च्या कायदेदुरुस्तीने कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी असणे आवश्यक ठरले, त्या त्या वेळी पाट्या बदलण्याची कामे निघाली. अशी कामे एकदम येतात आणि मुदतीची येतात. त्यात दोन-तीन मीटर माल वाया गेला तर त्या कामाची मजुरीच गेली असे समजावे. आणि माल वाया जातो तो पाते बोथट झाल्याने किंवा अक्षर चुकल्याने क्वचित. बहुतेक वेळा पट्टा यंत्रात नीट चालत नाही म्हणून. तो तिरका जातो, मध्येच घसरतो, चुणी धरतो, काठावरून चाक निसटते. होतकरू कारागीर मग संगणकाच्या पडद्यावरील आकडे बदलत बसतो, आणि आकडे बदलूनही गुण येत नाही असे पाहून यंत्रच टाकाऊ ठरवतो. चांगली यंत्रे ह्या समजुतीपायी पडेल किमतीत विकली जातात, हे आम्हांस पाहवत नाही. म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम यंत्राची चाल ध्यानात घेतली पाहिजे. कापणाऱ्या प्लॉटरमध्ये पाते फक्त डावीकडे-उजवीकडे धावते. पुढे-मागे जे काही व्हायचे ते पट्ट्यानेच करायचे असते. अक्षराचे एक वळण कापताना पाते आडवे सरकत असते आणि त्याच क्षणी पट्टा त्याच्याखालून पुढे किंवा मागे ओढला जात असतो. दोन्ही गतींचा मेळ म्हणजे ते वळण. पट्ट्याला ओढणारा खालचा पोलादी रूळ पृष्ठभागाने खरखरीत असतो, त्याला ग्रिट रोलर म्हणतात. त्याच्यावर वरून रबरी चाके दाबून बसतात, ती पिंच रोलर. पट्टा ह्या दोहोंच्या चिमटीत असतो. त्याला धरून ठेवणारे दुसरे काहीही नाही.

ही चिमटीची युक्ती पहिल्यापासून नव्हती. १९५९ साली अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने ५६५ क्रमांकाचा आलेख काढणारा प्लॉटर बाजारात आणला, त्याच्या कागदाच्या दोन्ही काठांना भोके असत व ती ढोलावरील दात्यांत अडकत. वियन्नात जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले जोसेफ गर्बर ह्यांच्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात पाटीची अक्षरे कापणारी यंत्रे लोकप्रिय केली, तीही काठाला भोके पाडलेले व्हिनाइल घेत. दाता भोकात बसला की घसरण्याचा प्रश्नच नाही. सिनेमाची फीत चालते तसेच ते. पण भोके पाडलेला माल महाग, आणि त्याच एका रुंदीचा घ्यावा लागे. इकडे ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या १९८१ सालच्या ७५८० ह्या प्लॉटरने खरखरीत चाकांच्या चिमटीत कागद पुढे-मागे नेण्याची सोय आणली होती. कापणाऱ्या यंत्रांनीही पुढे हीच वाट धरली. त्यामुळे कोणताही माल, कोणत्याही रुंदीचा, उरलेला तुकडासुद्धा चालू लागला. आपल्यासारख्या लहान दुकानदाराला हे वरदानच.

मात्र ह्या वरदानासोबत एक गोष्ट गेली. दाते असलेल्या यंत्रात रूळ जितका फिरला तितका पट्टा सरकलाच पाहिजे असे बंधन होते. चिमटीच्या यंत्रात ते नाही. यंत्राला आपला रूळ किती फिरवला हे ठाऊक असते. पट्टा किती सरकला हे त्याला मुळीच ठाऊक नसते. महागड्या यंत्राची मोटर आपली फिरत मोजत असते हे खरे, पण तीही मोटरचीच फिरत, पट्ट्याची नव्हे. पट्टा अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी यंत्र समजते सर्व ठीक आहे, आणि त्याच चुकीवर पुढची सर्व अक्षरे बेफिकिरीने कापत जाते. सबब ह्या दोषाचा शोध पडद्यावर घेऊन भागत नाही. तो पट्ट्याच्या वाटेवर घ्यावा लागतो. गुंडाळीपासून निघून पात्यापर्यंत, बाहेरून आत.

आमच्या भागात एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती अशी की, "कानडी अक्षरे ठीक निघतात, मराठी लिहिले की मशीन बिघडते." ह्यात हसण्यासारखे काही नाही, हे निरीक्षण अचूक आहे. कानडीची अक्षरे गोल व सुटी. यंत्र एक अक्षर पुरे करून दुसऱ्याकडे वळते, तेव्हा एका अक्षरापुरती पट्ट्याची धाव चार-सहा इंचांची. तेवढ्यात पडलेली चूक डोळ्याला दिसत नाही. मराठी शब्दाची गोष्ट वेगळी. शिरोरेघेने सगळी अक्षरे जोडलेली. आणि ती जोडावीच लागतात, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या रेघेवर काप येऊन ती तुकड्यातुकड्यांनी सुटते. जोडलेल्या शब्दाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते. पाते निघाले तेथे परत येईपर्यंत पट्टा तीन-चार फूट पुढे जाऊन तितकाच मागे आलेला असतो. वाटेत जे काही घसरले ते परतीच्या वेळी उघडे पडते. सुरुवात व शेवट जुळत नाहीत, शिरोरेघ एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक दिसते. दोष मराठीचा नव्हे आणि त्या दिवसाचाही नव्हे. तो आधीपासूनच होता. मराठीने फक्त तो दाखवला. पट्ट्याची चाल तपासायला शिरोरेघेसारखी दुसरी मोजपट्टी नाही, असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी.

आता तपासणी. पाते काढून त्या जागी यंत्राबरोबर येणारे पेन बसवावे. ज्या मालावर दोष आला त्याच मालाचा तुकडा घ्यावा, कारण घसरण मालागणिक वेगळी असते. त्यावर पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने एक मीटर लांब व हातभर रुंद असा चौकोन काढावा, आणि पट्टा न हलवता तोच चौकोन आणखी दोनदा त्याच्यावरच काढावा. तिन्ही रेघा एकमेकींवर बिनचूक बसल्या तर पट्ट्याची चाल उत्तम आहे असे समजून दोष इतरत्र पाहावा. रेघा लांबीच्या दिशेने थोड्या थोड्या अंतराने सरकत गेल्या तर पट्टा घसरतो आहे. त्या एका टोकाला मिळून दुसऱ्या टोकाला पंख्यासारख्या फाकल्या तर पट्टा चालता चालता वळतो आहे, म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा मागे राहते आहे. तिन्ही रेघा एकावर एक बसल्या पण पोलादी टेपने मोजता चौकोन एक हजारऐवजी ९९८ मिलिमीटर भरला, तर ते मोजमापाचे काम. यंत्राच्या किंवा संगणकाच्या प्रमाणात १.००२ ने दुरुस्ती करावी. पडद्यावरील आकड्याला हात लावण्याची हीच काय ती वेळ. घसरणाऱ्या पट्ट्यावर प्रमाण बदलणे म्हणजे पासंग असलेल्या तराजूवर वजने बदलत बसणे.

आणखी एक फरक येथेच सांगून ठेवतो. बारीक अक्षरांच्या प्रत्येक वर्तुळात सुरुवातीला एकसारखी फट राहत असेल, मग ते वर्तुळ पट्ट्यावर कोठेही असो, तर तो पट्ट्याचा दोष नाही. पात्याचे टोक त्याच्या फिरण्याच्या मध्यापासून किंचित बाजूला असते, साधारण पाव मिलिमीटर. ते अंतर यंत्राला चुकीचे सांगितले गेले आहे. पट्ट्याचा दोष एकसारखा नसतो. तो लांबीबरोबर वाढतो.

वळण्याच्या दोषात पुन्हा दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत होते. पट्टा चढवतानाच तिरका बसला असेल आणि नंतर त्याच कलाने सरळ चालत असेल, तर अक्षरे स्वतः बिनचूक निघतात. फक्त ओळ पट्ट्याच्या काठाशी तिरपी होते. एका फुटास एक मिलिमीटर कल म्हणजे बारा फुटांच्या पाटीस बारा मिलिमीटर. तेवढ्यात काठ चाकाखालून निसटतो आणि काम बसते. चालता चालता वळणारा पट्टा ह्याहून वाईट. त्यात अक्षरच बिघडते, आणि तो बिघाड लावणीच्या वेळी ओढून ताणून झाकता येत नाही.

पहिल्या प्रकाराचा उपाय सोपा, पण घाईत तोच टाळला जातो. पट्ट्याचे टोक कात्रीने अंदाजे कापू नये. पोलादी पट्टी लावून काटकोनात कापावे. मग पट्टा चढवून, चाके दाबून, लागेल तितक्या लांबीपर्यंत यंत्राच्याच बटणाने पुढे न्यावा व तितकाच परत आणावा. परत येताना काठ पुढील खुणेपासून किती सरकला ते पाहावे. सरकला तर चाके उचलून पुन्हा चढवावा. जुन्या पेंटरने दोरा मारल्याशिवाय कुंचला उचलला नसता. हा आपला दोरा.

दुसऱ्या प्रकारासाठी गुंडाळीकडे वळावे. दोन फूट रुंद व पन्नास मीटर लांब अशी नवी गुंडाळी सात-आठ किलोंच्या घरात जाते. यंत्राच्या लहान मोटरने ती दर वळणाला झटक्याने ओढावी अशी अपेक्षा करणेच गैर. कामाला लागेल तेवढा माल, वर हातभर जास्त, आधी हाताने सोडून यंत्राच्या मागे सैल झोळ पाडून ठेवावा. झोळ जमिनीवर घासू नये, आणि त्यावर कोणाचा पाय पडू नये. पाय पडतोच, कारण दुकान लहान असते. तेव्हा मागे एक खोके ठेवावे हे बरे. गुंडाळीचा दांडा यंत्राला समांतर आहे ना, स्टँड समपातळीत आहे ना, तेही पाहावे. दुर्गदबैलाच्या आसपासच्या जुन्या इमारतींतील शहाबादी फरश्या पाहिल्या म्हणजे ही सूचना वाया जाणार नाही असे वाटते.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका दुकानात पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बारा फुटी मराठी पाटीचे काम चालू होते. दोन वेळा कापून दोन्ही वेळा शेवटचा शब्द बिघडला होता. कापणाऱ्या मुलाने वेग बदलला, दाब बदलला, वायर बदलली. त्याच्या दुकानात संध्याकाळी एक वृद्ध पेंटर बसावयास येत. मुलगा त्यांना म्हणाला, "काका, मशीनच गेलंय बघा." त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. "ती मागची गुंडाळी एका बोटानं फिरवून दाखव बरं," ते म्हणाले. गुंडाळी एका बोटाने फिरेना. तिच्या आतील पुठ्ठ्याच्या नळीचे एक टोक भिंतीला टेकून घासत होते. एका बाजूला घर्षण, दुसरी मोकळी, म्हणून पट्टा प्रत्येक ओढीला केसभर वळत होता. यंत्र चार बोटे पुढे ओढले आणि तिसऱ्या वेळी पाटी बिनचूक निघाली. दोन वेळचा माल गेला तो गेलाच. संगणक न शिकलेल्या त्या गृहस्थांना दोष दिसला, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्यांचे लक्ष पडद्यावर नव्हते.

गुंडाळीनंतर चाके. बऱ्याच यंत्रांत खालचा रूळ सलग खरखरीत नसतो. ठरावीक जागीच खरखरीत पट्टे असतात व त्यांच्या खुणा पुढील दांड्यावर दिलेल्या असतात. रबरी चाक त्या पट्ट्याच्या बरोबर वर आले पाहिजे. अर्धे चाक गुळगुळीत भागावर पडले की ती बाजू घसरली. दोन्ही टोकांची चाके काठापासून बोटभर आत, दोन्हींकडे सारख्या अंतरावर असावीत, व दाब सारखा असावा. दाबाची स्प्रिंग एका बाजूची सैल पडली आहे का, हे पाहण्यास दोन कागदाच्या पट्ट्या पुरतात: प्रत्येक चाकाखाली एक पट्टी दाबून धरावी व हाताने ओढून पाहावी. एक सहज निघाली आणि दुसरी निघेना, तर निदान झाले. मधले चाक रुंद मालाला फुगवटा येऊ नये म्हणून असते. अरुंद मालाला ते अनेकदा उपद्रवच देते, कापलेल्या अक्षरांवरून फिरून त्यांच्या कडा उचकटते. यंत्रात सोय असल्यास ते वर उचलून ठेवावे.

चाकांवर व रुळावर साचणारा मळ हा तर घरचाच शत्रू. व्हिनाइलचा गोंद, मागच्या कागदाचा भुसा आणि बाजारातील धूळ ह्यांचा थर रुळाच्या खरखरीत भागात बसतो आणि तो भाग हळूहळू गुळगुळीत होतो. यंत्र बंद करून ताठ केसांच्या कोरड्या ब्रशाने, रूळ हाताने फिरवीत, तो थर काढावा. रबरी चाके किंचित ओलसर फडक्याने पुसावीत. थिनर, पेट्रोल किंवा रॉकेल रबराला कदापि लावू नये. त्याने चाक त्या दिवशी लख्ख दिसते आणि पुढे फुगते किंवा तडकते. रबर कडक होऊन चकाकू लागले, किंवा त्यावर एका जागी सपाटी आली, तर साफसफाईने ते सुधारत नाही. चाक नवे घ्यावे. ही सपाटी येते ती बहुधा रात्रभर चाके दाबून ठेवल्याने.

पात्याचा संबंध पट्ट्याच्या चालीशी काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो फसवा आहे. साध्या व्हिनाइलची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन, ओतीव म्हणजे कास्ट जातीची सुमारे ५०. मिलिमीटरचा दहावा हिस्साही नव्हे. पाते एवढेच कापून मागच्या कागदावर पुसट ओरखडा उठवील इतपतच बाहेर असावे. ते जास्त बाहेर काढले की कागदही कापला जातो, पट्ट्याचा ताठपणा जातो, कापलेला भाग चाकाखाली दुमडतो आणि आपण म्हणतो पट्टा अडकला. याच्या उलट पाते बोथट झाले म्हणून कारागीर दाब वाढवतो; बोथट पाते कापण्याऐवजी पट्ट्याला आपल्याबरोबर ओढू पाहते, आणि चिमटी सैल असेल तर तो ओढलाही जातो. तेव्हा घसरण दिसली की पाते एकदा भिंगाखाली पाहावे. चमकणाऱ्या जाड मालाला हे विशेष लागू. तो ताठ असतो, त्याला दाब जास्त लागतो, म्हणून वेग निम्मा ठेवावा. वेगाच्या हव्यासाने वाचलेली पाच मिनिटे आणि वाया गेलेला चमकता माल ह्यांचा हिशेब कोणीही दुकानात बसून करून पाहावा.

कापण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. संगणकावरील कित्येक प्रणाली अक्षरे ज्या क्रमाने रेखाटली त्याच क्रमाने कापतात. मग यंत्र पाटीच्या एका टोकाचा 'श्री' कापून दुसऱ्या टोकाच्या टिंबाकडे धावते व पुन्हा मागे येते. बारा फूट पट्टा विनाकारण पुढे-मागे. क्रम लावण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. ती चालू करून एक शब्द पुरा झाल्यावरच पुढच्याकडे जाईल असे करावे. मराठी मजकुरात प्रत्येक शब्द आतल्या आत जोडावा, पण सगळी ओळ एकच आकृती करू नये. शब्द तुटक ठेवले म्हणजे एका शब्दातील चूक दुसऱ्यात जात नाही.

राहता राहिले हवामान. मृगाच्या सरी सुरू झाल्या की मागचा कागद हवेतील ओल पितो आणि फुगतो. वरचे प्लॅस्टिक पीत नाही. दोहोंची ओढाताण होऊन पट्ट्याच्या काठांना लाटा येतात आणि त्या लाटांवर चाक चढले की चुणी पडलीच. गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, जमिनीपासून उंच ठेवाव्यात. उघडी राहिलेली असेल तर बाहेरचे एक-दोन वेढे काढून टाकण्यास कचरू नये. फाल्गुन-चैत्रात ह्याच्या उलट. हवा कोरडी, पट्ट्यात स्थिर वीज साठते, आणि कापून पुढे आलेला पट्टा यंत्राच्या अंगाला चिकटून पुन्हा आत शिरू पाहतो. पुढे एक गुळगुळीत पुठ्ठा उतरता लावला तर तो सरळ खाली जातो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या भोकांत बसवण्याची जी सार्वत्रिक कला आहे तीही येथे बाधते. अर्थिंग नीट असेल तर स्थिर विजेचा त्रास कमी होतो, आणि माणसालाही झटका बसत नाही.

हे सर्व पाहूनही पेनाच्या रेघा फाकत असतील तर दोष यंत्राच्या पोटात आहे. रुळाला मोटरशी जोडणारा पट्टा किंवा दाते झिजलेले, रुळाची बेअरिंग गेलेली, किंवा मोटर पावले चुकवीत असलेली. ते काम जाणत्याचे. दुरुस्ती करणाऱ्यास बोलावण्याआधी तीन रेघांचा तो तुकडा मात्र जपून ठेवावा आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख, माल कोणता, वेग किती, दाब किती, आणि पट्ट्याची पुढची बाजू कोणती हे लिहून ठेवावे. तो तुकडा आधी त्याच्या हाती द्यावा, मग यंत्र उघडू द्यावे.